मुंगीचे आकडे

बाईंचं खरं नाव बालवर्गाच्या पाटीवर रंगवलेलं होतं, पण त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मुलं म्हणायची वाळूबाई, मुलांचे आईबाप म्हणायचे वाळूबाई, कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा "वाळूबाई, पिशवी आणलीय ना?" असंच विचारायचा. गल्लीच्या टोकाला, त्यांच्या घराच्याच पुढच्या दोन खोल्यांत वर्ग भरायचा, आणि उंबरा ओलांडला की आधी पायाला वाळू लागायची. कितीही झाडा, ती जायची नाही. त्यांचा नवरा बसच्या आगारातून निवृत्त झालेला मेकॅनिक, बोलायला मिस्कील. तो म्हणायचा, "आमच्याकडे घासाला खडा लागला तर कुणी तक्रार करत नाही. तो अभ्यासक्रमातच आहे."

तरुणपणी वाळूबाई एका मोठ्या शाळेत शिकवायच्या. तिथे एवढ्याएवढ्या पोरांना पानंच्या पानं 'एक' गिरवायला लावत. एकदा एक मुलगा गिरवता गिरवता पेन्सिल मुठीत धरूनच झोपी गेला आणि मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला कान धरून उभं केलं. ते बघितलं आणि यांनी त्या नोकरीला रामराम ठोकला. मग स्वतःचा वर्ग काढला आणि ठरवून टाकलं, की इथे पेन्सिल सगळ्यांत शेवटी.

आकडा आधी पायांनी शिकायचा. जमिनीवर जाड दोरीचा दोन काढलेला असायचा, त्यावरून मुलांनी तोल सांभाळत चालायचं, शेपटीपर्यंत पोचलं की उडी मारायची. मग खरखरीत पॉलिश पेपर कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेले आकडे, त्यांच्यावरून दोन बोटं फिरवायची. मग मातीच्या वळ्या करून त्या वळवायच्या. मग वाळूचा ट्रे. चुकलं तर ट्रे हलवायचा, चूक गेली. मग ओल्या ब्रशने भिंतीवर, मग हवेत हात उंच करून, आणि मग मुलांचा सगळ्यांत लाडका खेळ, पुढच्याच्या पाठीवर बोटाने आकडा काढायचा आणि त्याने तो ओळखायचा. गुदगुल्यांनी अर्धा वर्ग लोळत असायचा. तीन आणि सहा शेजारी आले की मुलं ओरडायची, "बाई, यांची कट्टी झाली!" कारण दोघे एकमेकांकडे पाठ करून बसलेले. वाळूबाई म्हणायच्या, "मग त्यांची जागा बदला बघू." सहा आधी आणि तीन नंतर ठेवला, की दोघे समोरासमोर. "दो‌स्ती झाली!"

"हाताला कळलं की डोक्याला कळायला वेळ लागत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि खोटं नव्हतं ते. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे आकड्यांना घाबरत नसत. लांबलांबून लोक मुलं घेऊन यायचे.

मुंगी मात्र जवळचीच, मागच्याच गल्लीतली. तिची आई घरी शिवणकाम करायची, बाप ट्रकवर, आठ-आठ दिवस बाहेर. पहिल्या दिवशी आई तिला घेऊन आली तेव्हा पोर रडली नाही, की आईच्या पदराला लोंबकळली नाही. ती खाली बसली, दोरीच्या आकड्यावर वाकली, नाक जवळजवळ दोरीला लावलं आणि हाताने चाचपत चाचपत त्या टोकापासून या टोकापर्यंत गेली. वाळूबाई हसून म्हणाल्या, "अगं, ही तर मुंगी आहे. वास घेत घेत चाललीय." नाव तिथेच चिकटलं. आईसुद्धा पुढे तिला मुंगीच म्हणू लागली.

आणि काय मुलगी होती ती! इतर मुलांना ज्याला महिना लागायचा ते तिला दोन-चार दिवसांत यायचं. पॉलिश पेपरच्या आकड्यावरून एकदा बोट फिरलं की वाळूत तो तसाच्या तसा उतरायचा. चारची ती अवघड वळणं, जिथे चांगली मोठी मुलंही अडखळतात, ती मुंगी एका दमात घ्यायची. मातीची वळी तिच्या तळव्यातून अशी सरळ निघायची की जणू यंत्रातून. पाठीवरच्या खेळात तिच्यापुढे कुणाचा टिकाव लागत नसे. मणी खाली पडला तर बाकीची मुलं इकडेतिकडे बघत बसायची, मुंगी तळवा जमिनीवर सपकन फिरवायची आणि मणी उचलायची.

वाळूबाईंचा जीव तिच्यात गुंतला. शिकवणाऱ्या माणसाला आयुष्यात एखादंच असं मूल मिळतं, जे त्याचं म्हणणं खरं करून दाखवतं. इतकी वर्षं त्या लोकांना सांगत आल्या होत्या, आता बोट दाखवायला मुंगी होती.

वर्षअखेरीच्या पालकसभेत त्यांनी तिला पुढे बोलावलं. डोळ्यांवर स्वतःचा रुमाल बांधला आणि पुठ्ठ्यांचे आकडे एकेक करून तिच्या हातात दिले. "सात," मुंगी म्हणाली. "पाच. नऊ. हा उलटा दिलाय तुम्ही, बाई. सरळ केला की दोन." सगळे हसले, टाळ्या वाजल्या. वाळूबाईंनी रुमाल सोडला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बघितलंत? हिचे हातच हिचे डोळे आहेत."

मुंगीची आई मागच्या रांगेत उभी होती. तिने लाजून पदर तोंडाला लावला.

पुढच्या वर्षी कागद आला. मोठ्या रेघांचा कागद, जाड पेन्सिल. हळूहळू बाकीची मुलं वाळूतून कागदावर उतरली. कुणाचा तीन आडवा पडायचा, कुणाचा आठ रेघेबाहेर पळायचा, पण उतरली. मुंगी उतरेना. ती कागदावर गाल टेकवायची, पेन्सिल कुठेतरी टेकवायची, आकडा काढायची तो मोठा, रेघांना न जुमानणारा. फळ्यावरचं बघून लिही म्हटलं की शेजारच्या मुलाला विचारायची, "काय आहे रे?" आणि सांगितलं की बरोबर काढायची. थोड्या वेळाने कागद बाजूला सरकवून वाळूच्या ट्रेकडे जायची.

एका दुपारी मुलांना न्यायला आलेल्या आया पांगल्यावर मुंगीची आई थांबून राहिली.

"बाई, एक विचारू का? शेजारच्यांचा मुलगा हिच्याच वयाचा. तो पुस्तकात बघून शंभरपर्यंत लिहितो. हिला पुस्तक दिलं की ही ते बाजूला ठेवते. काही कमी तर नाही ना हिच्यात?"

वाळूबाईंना हा प्रश्न पाठ होता. दरवर्षी कुणी ना कुणी आई तो विचारायचीच. त्यांचं उत्तरही पाठ होतं.

"अगं, कमी? या वर्गात हिच्याइतकं हुशार पोर नाही. शेजाऱ्यांच्या मुलाला चार म्हणजे काय ते कळतं का, विचार. नुसतं चितारतो तो. प्रत्येक मुलाचा हात आपापल्या वेळेला तयार होतो. आंबट असताना फळ तोडलं तर दात कोणाचे आंबतात?"

आई हसली. "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल."

काही महिन्यांनी तिने पुन्हा विचारलं. या वेळी जरा चाचरत. "ती कागदाला अगदी नाक लावते हो, बाई."

"ते पहिल्या दिवसापासून लावते. म्हणून तर मुंगी."

असं म्हणताना वाळूबाईंच्या मनात काहीतरी हललं होतं. क्षणभरच. हिला नीट दिसत असेल ना, असा अर्धवट विचार आला होता. मुलीचे डोळे तर टपोरे, स्वच्छ. रस्त्याने धावते, लांबून आई येताना दिसली की ओरडते. आणि तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी पाण्याचं भांडं उलटं केलं, पोरं किंचाळली, त्या आत धावल्या. विचार तिथेच राहिला. नंतर त्याला हाताशी धरून परत आणावं असं त्यांना वाटलं नाही. खरं सांगायचं तर मुंगीची ती तऱ्हा त्यांना आवडत होती. कागदाकडे पाठ फिरवून वाळूकडे जाणारी पोर बघितली की त्यांना आपलंच म्हणणं ऐकल्यासारखं वाटायचं.

मुंगी मोठ्या शाळेत गेली. वाळूबाईंनी नवी मुलं घेतली. मुंगीच्या आईला मग मुलगा झाला, तेव्हा त्या बघायला जाऊन आल्या, पण मुंगी बापाबरोबर कुठे गेली होती, भेट झाली नाही.

शाळेचं दुसरं वर्ष सुरू होऊन काही दिवस झाले असतील. वर्ग सुटल्यावर मुंगीची आई दारात उभी. एका हाताला मुंगी, दुसऱ्या हातात शाळेची वही. चेहरा उतरलेला.

"बाई, तिथल्या शिक्षिका म्हणतात हिला काहीच येत नाही. फळ्यावरचं उतरवून घेत नाही, पुस्तकातलं वाचत नाही. खालच्या वर्गात बसवू म्हणतात. हिला तुमच्याशिवाय कुणी समजून घेतलं नाही. रोज तासभर पाठवू का?"

वाळूबाईंना राग आला तो त्या शाळेचा. आणि खोटं कशाला बोला, आत कुठेतरी सुखावल्याही. "बघितलंस? घाई करतात ही माणसं. राहू दे तिला आज माझ्याजवळ. तूही बस."

त्यांनी मुंगीला खाली बसवलं. पोर उंच झाली होती, पण अबोल झाली होती. बाईंनी समोर वाळूचा ट्रे ठेवला. "सत्तेचाळीस काढ बरं." मुंगीने काढला. चार कसा, सुतारानं कोरल्यासारखा. "त्रेसष्ट." काढला, आणि कितीतरी वेळाने पहिल्यांदा हसली. "यांची दोस्ती."

"येतंय की सगळं!" वाळूबाई आईकडे वळून म्हणाल्या. मग वही उघडून पुढे ठेवली. "आता हेच इथे बघ. हा कुठला?"

मुंगीने वहीवर गाल टेकवला. बोट छापील आकड्यावर ठेवलं आणि ते फिरवायला लागली. गुळगुळीत कागदावर बोट फिरत राहिलं, आकडा होता त्याच्या बाजूबाजूने, वर, खाली. ती काहीतरी शोधत होती आणि ते तिथे नव्हतं.

वाळूबाई बघत राहिल्या. मग त्या उठल्या, खडू घेतला आणि फरशीवर साधारण तळहाताएवढा पाच काढला. "हा?"

मुंगी वाकली. बोट खडूच्या रेघेवरून गेलं, रेघ पुसली गेली. "खरखरीत नाहीये, बाई," ती म्हणाली. "कसा कळणार?"

आई बसल्या जागी सरळ झाली. वाळूबाईंनी खूप हळू विचारलं, "मुंगे, हा पाच तुला कसा दिसतो?"

"पांढरं पांढरं दिसतं."

"आणि पुस्तकातले आकडे?"

"ते मुंग्यांसारखे. हलतात." मग आईकडे तोंड करून, जणू तिला धीर द्यावा तसं म्हणाली, "सगळ्यांना तसेच दिसतात ना?"

दुसऱ्या दिवशी त्या तिघी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. तपासणी बराच वेळ चालली. मुंगीच्या डोळ्यांत थेंब घातले, भिंगांमागून भिंगं बदलली. डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, बोलायला सौम्य.

"नंबर बराच मोठा आहे, दोन्ही डोळ्यांना. जन्मापासूनच असावा. लांबचं मोठंमोठं थोडंफार दिसतं, म्हणून पटकन लक्षात येत नाही. चष्मा देते. फरक पडेल."

"म्हणजे नीट दिसेल ना?" आईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिता लिहिता हात थांबवला. "काही प्रमाणात. असं बघा, डोळा नुसता बघतो, बघितलेलं ओळखायला मेंदू शिकतो. आणि तो लहानपणीच शिकतो. हिच्या मेंदूला इतकी वर्षं धूसरच चित्र मिळालं. आता चष्मा लावूनही ते पूर्ण स्पष्ट होईल असं मी सांगू शकत नाही. डावा डोळा तर बराच मागे पडलाय. व्यायाम देऊ, पट्टी बांधू, प्रयत्न करू. तीन-चार वर्षांची असताना आणली असती तर गोष्ट वेगळी होती." मग सहज, फक्त माहिती म्हणून त्यांनी विचारलं, "बालवर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही का?"

आईने वाळूबाईंकडे बघितलं नाही. ती मुंगीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधत राहिली. वाळूबाईंनाच बोलावं लागलं.

"मीच बालवर्गाची शिक्षिका," त्या म्हणाल्या. "नाही आलं."

घरी आल्यावर त्या जेवल्या नाहीत. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू काय डॉक्टर आहेस का? आईच्या लक्षात आलं नाही, बापाच्या आलं नाही. तू एकटीने का ओझं घेतेस?" तो मनापासून बोलत होता, पण त्या बोलण्याने काही हलकं झालं नाही. आईबापाला दोन मुलं. यांच्या हाताखालून शेकडो गेली होती. लहान मूल कसं बघतं, कसं चालतं, कसं धरतं, हे बघणं हाच तर त्यांचा धंदा. आणि मुलीने काही लपवलंही नव्हतं. रोज डोळ्यांदेखत नाक टेकवून दाखवत होती. त्यांनी त्यावरून लाडाचं नाव ठेवलं, डोळ्यांवर रुमाल बांधून लोकांकडून टाळ्या घेतल्या. उभ्या वर्गात त्या रुमालाची गरज नसलेली ती एकच मुलगी होती, हे आता सुचत होतं.

आणखी वाईट हे, की त्यांची पद्धत चुकीची नव्हती. चुकीची असती तर लवकर उघडं पडलं असतं. पहिल्याच महिन्यात कागद दिला असता तर मुंगी अडली असती, कुणीतरी विचारलं असतं का अडते म्हणून. वाळूने, मातीने, पॉलिश पेपरने तिला अडूच दिलं नाही. या विचाराशी त्या कितीतरी दिवस झगडल्या. वर्गात ट्रे मांडताना हात जड व्हायचा.

आठवडाभराने त्या मुंगीच्या घरी गेल्या. आई यंत्रावर बसली होती, कुणाची तरी कॉलर शिवत होती. पाळण्यात लहानगा झोपलेला. तिने पाय थांबवला, "या ना बाई, बसा," म्हणाली, खुर्चीवरचे कपडे उचलले. मुंगी शाळेत होती.

वाळूबाई घरून वाक्यं जुळवून आल्या होत्या. त्यातलं एकही आठवेना. "मी बघायला हवं होतं," एवढंच निघालं.

आई कॉलरचं टोक अंगठ्याने दाबत राहिली. "मीही आईच आहे ना. मला कुठे दिसलं? दिवसभर सुईत दोरा ओवते मी, आणि पोरीला समोरचं दिसत नाही हे कळलं नाही." मग ती म्हणाली, "पण मी तुम्हाला विचारलं होतं, बाई. दोनदा विचारलं होतं."

आवाजात राग नव्हता. तक्रारही नव्हती म्हणा. सकाळी दूध आलं होतं असं सांगावं तसं तिने सांगितलं. वाळूबाईंनी मान हलवली. भांडली असती, चार शब्द सुनावले असते, तर त्यांनी पदर पसरून ऐकून घेतले असते. पण ती उठली आणि चहा ठेवायला आत गेली. चहा चांगला झाला होता. दोघींनी तो पिऊन संपवला, काहीबाही बोलल्या, आणि वाळूबाई घरी आल्या.

मुंगीला चष्मा लागला. जाड भिंगांचा, कानामागे दोरी लावलेला. काही महिने चांगल्या डोळ्यावर पट्टी. शाळेत पोरांनी चिडवलं, ती रडली, मग चिडवणाऱ्याला एक ठेवून दिली आणि चिडवणं थांबलं. पहिल्या बाकावर बसून मोठ्या अक्षरातलं वाचू लागली. बारीक छपाई आली की अजूनही भिंग लागायचं, आणि ते पुढेही लागणार होतं. अभ्यासात बरी निघाली. फार वर नाही, फार खाली नाही. ती कुठवर गेली असती हे कोण सांगणार? वाळूबाई मात्र मनातल्या मनात सांगत राहायच्या.

त्यांच्या वर्गात आता नवा नियम झाला. प्रवेशाआधी प्रत्येक मुलाचे डोळे तपासून घ्यायचे, कान तपासून घ्यायचे. पालक कुरकुरायचे, "एवढ्याशा पोराला कशाला?" त्या ऐकून घ्यायच्या नाहीत. त्या नियमामुळे पुढे एका मुलाला वेळेत चष्मा लागला आणि त्याचे आईवडील आभार मानायला आले. वाळूबाईंनी त्यांना दारातूनच निरोप दिला. नवरा म्हणाला, "अगं, चांगलं काम केलंस की." त्या म्हणाल्या, "वरातीमागून घोडं आहे ते." आणि कुणी आई दबकत काही विचारायला आली की त्यांची पाठ असलेली उत्तरं तोंडाशी यायची, त्या ती गिळायच्या आणि म्हणायच्या, "काय काय दिसतं तुला? सगळं सांग." पालकसभेत मुलांना पुढे उभं करणं त्यांनी कायमचं बंद केलं.

मुंगीचा भाऊ तीन-साडेतीन वर्षांचा झाला. वाळूबाई मनाशी वाट बघत होत्या. वर्ग जवळ, ओळखीचा, आणि त्या घराशी कधी तोंड वाकडं झालेलं नव्हतं. रस्त्यात भेटली की मुंगीची आई थांबायची, तब्येत विचारायची. पण प्रवेशाचे दिवस आले आणि गेले.

मग एका सकाळी वाळूबाई दारातला केर काढत होत्या तेव्हा ती तिघं समोरून जाताना दिसली. आई, मुंगी आणि पाठीवर दप्तर घेतलेला तो. चढाच्या वर नवा बालवर्ग निघाला होता, तिथला गणवेश होता त्याच्या अंगावर. तिथे पहिल्या दिवसापासून वही असते हे सगळ्यांना माहीत होतं.

"बाई!" मुंगीने लांबूनच ओळखलं आणि धावत आली. चष्म्याआड तिचे डोळे मोठे दिसत होते. "हा बघा आमचा दादोबा. याला आकडे येतात."

दादोबाने लगेच दप्तर उघडून वही काढली. पानभर चार होते, एकाखाली एक, रेघेत, पेन्सिल दाबून दाबून काढलेले. काही पलीकडच्या पानावर उमटले होते.

वाळूबाईंनी वही हातात घेतली. त्यांच्या जिभेवर आलं होतं, की अगं, याची बोटं दुखत असतील. त्यांनी आईकडे बघितलं. आई शांत उभी होती, हसत होती, आणि तिच्या हसण्यात कुठेही दार उघडं नव्हतं.

"छान काढलेत," त्या मुलाला म्हणाल्या. "खूप छान."

"याचे डोळे आधीच तपासून घेतले, बाई," आई म्हणाली. "चांगले आहेत."

"बरं केलंस."

"निघतो मग. उशीर झाला की तिथे ओरडतात."

मुंगी थोडी रेंगाळली. दारातून आत डोकावली, ट्रे मांडलेले होते तिकडे. "बाई, मी येऊ का एकदा? नुसती बसायला?"

"ये ना. केव्हाही ये."

"चल गं," आईने पुढून हाक मारली, आणि मुंगी पळाली.

ती आली नाही. मोठ्या शाळेचा अभ्यास असतो, मैत्रिणी असतात, मुलं विसरतात, आणि विसरावंच त्यांनी. वाळूबाईंनी वहीच्या त्या पानाचा विषय कुणाजवळ काढला नाही, नवऱ्याजवळसुद्धा नाही. सकाळी त्या वेळेला दारात केर काढणं तेवढं त्यांनी सोडलं. आतल्या खोलीच्या खिडकीपाशी उभं राहून पडदा थोडा सारला, की चढावरून जाणारा तो लहानगा दिसायचा, दप्तराखाली वाकलेला, आईचं बोट धरलेला. तो वळणापलीकडे गेला की त्या पडदा सोडायच्या आणि मुलं यायच्या आत वाळू चाळायला घ्यायच्या.